पन्नास ग्रॅम भाजी

(तालुक्याच्या गावी वाचनालयातर्फे होणाऱ्या स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



गुरुजींच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या मालेच्या पत्रिकेवर एरवी प्राध्यापक, संपादक, निवृत्त न्यायाधीश अशी नावं असतात. यंदा पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईचं नाव आहे आणि विषय शाळेतली खिचडी. वाचनालयाचे चिटणीस आमंत्रण द्यायला गिरणीत आले तेव्हा मी म्हटलं, "अहो, तासभर खिचडी ऐकायला कोण बसेल?" ते म्हणाले, "गुरुजी असते तर पहिल्या रांगेत बसले असते." त्यांचं म्हणणं मला पटलं. 1972 च्या दुष्काळात आपल्या माणदेशात सुकडी खाऊन जगलेली माणसं आज या सभागृहात आहेत. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्लेलीही आहेत. शाळेत काय शिजतं हा विषय इथे तरी कुणाला हलका वाटायचं कारण नाही.

मी जिच्याविषयी बोलणार आहे ती शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवीची, पट शंभराच्या आसपास. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. मला अध्यक्ष केलं त्यामागे मोठं काही नाही. गिरणी शाळेसमोर आहे आणि सही हवी असली की पोरगा पाठवून मला बोलावता येतं. समितीवरच्या बाईकडून बहुतेक ठिकाणी एवढीच अपेक्षा असते.

मुलांना वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखायचं, त्यांत एक तरी शिक्षक हवा, असा नियम आहे. 2013 च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत जेवणाच्या तेलात कीटकनाशक गेलं आणि 23 मुलं दगावली. चाखण्याचा हा नियम वाचताना मला ती मुलं आठवतात. आमच्या शाळेतही चवीची वही होती. उघडली तर पानामागून पान "चव उत्तम, चव उत्तम" आणि खाली एकाच पेनाने केलेल्या निरनिराळ्या पालकांच्या सह्या. एक दिवस मी मधल्या सुट्टीआधी जाऊन ताट घेतलं. भात मोकळा, मीठ बेताचं, फोडणी खमंग, मसाला घरच्यासारखा. चव खरोखरच उत्तम होती, वहीत खोटं काही नव्हतं. पण ताटभर नुसता पिवळा रंग. चमच्याने उकरल्यावर टोमॅटोची गुंडाळी झालेली साल आणि बटाट्याच्या दोन फोडी निघाल्या. हिरवं म्हणाल तर कोथिंबिरीचं एक पान.

फळ्याशेजारी रंगवलेला तक्ता होता. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला तांदूळ 100 ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य 20 ग्रॅम, भाजी 50 ग्रॅम, तेल 5 ग्रॅम. सहावीपासून पुढे 150, 30, 75 आणि साडेसात. गिरणीवालीला ग्रॅम-किलोचं गणित शिकवावं लागत नाही. शंभर मुलं म्हणजे पाच किलो भाजी. दुसऱ्या दिवशी गिरणीतला वजनकाटा उचलला आणि स्वयंपाकखोलीत नेऊन ठेवला. त्या दिवशीची भाजी, कांदा धरून, पावणेदोन किलो भरली.

आता यात लबाडी कुणाची, हा पहिला प्रश्न गावात निघाला. पारावर दोन दिवस मुख्याध्यापकांचं नाव चघळलं गेलं. मी मात्र त्याच तक्त्यापुढे वही घेऊन बसले आणि मला जे दिसलं ते लबाडीपेक्षा विचित्र होतं. सरकारचं प्रमाण असं: प्राथमिकच्या मुलाला या एका जेवणातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. योजनेच्या हिशेबात 100 ग्रॅम धान्याचे 340 उष्मांक धरतात आणि 8 ग्रॅम प्रथिनं. 20 ग्रॅम डाळीचे 70 उष्मांक, 5 ग्रॅम प्रथिनं. तेलाचे 45 उष्मांक. करा बेरीज. 455 उष्मांक, 13 ग्रॅम प्रथिनं. भाजीला हातही न लावता प्रमाण पुरं झालं! भाजीच्या नावावर 25 उष्मांक आहेत आणि प्रथिनांच्या रकान्यात आडवी रेघ. म्हणजे ज्या दोन मापांनी हे ताट मोजलं जातं, त्या दोन्ही मापांत भाजी हा फालतू जिन्नस ठरतो. तपासणीला आलेला माणूस प्रामाणिक असला तरी त्याला उणं काही सापडणार नाही.

मुलाच्या अंगाला मात्र ती आडवी रेघ कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 68.9 टक्क्यांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हाच आकडा 53.8 होता. वयाच्या मानाने उंची खुंटलेली 35.2 टक्के. ही मुलं पहिलीच्या वर्गात येतात ती ही उणीव घेऊनच. त्यांना पोटभर भात लागतो हे खरंच आहे, पण लोह, कॅल्शियम, अ आणि क जीवनसत्त्व यांची तूट भाताने भरत नाही. ती भरायची ती नेमकी त्या पन्नास ग्रॅमनी, जे कुणी मोजत नाही.

पैशाचंही बघू. 1 मे 2025 पासून प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे आणि सहावी ते आठवीला 10 रुपये 17 पैसे धरले आहेत. त्यातले साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. धान्य वेगळं येतं, पण डाळ, तेल, मसाला, भाजी आणि जळण सगळं या रकमेत. माझ्या अंदाजाने वीस ग्रॅम डाळीला अडीच रुपये, तेलाला पाऊण रुपया, तिखट-मीठ-हळदीला अर्धा, गॅसला रुपया-सव्वा रुपया. उरले दोनेक रुपये. चाळीस रुपये किलोच्या भावाने पन्नास ग्रॅम भाजी बरोबर दोन रुपयांना पडते. म्हणजे कागदावर जमतं, पण हिवाळ्यात. जूनमध्ये गवार ऐंशीच्या पुढे जाते आणि कोथिंबिरीच्या जुडीपाशी उभं राहवत नाही, तेव्हा हेच दोन रुपये वीस-पंचवीस ग्रॅमवर येतात. शिवाय डाळ-तेल ठेकेदाराच्या गाडीतून येतं, गॅस संपला की आणावाच लागतो. भाजी तेवढी अशी की एक दिवस नाही आणली तरी चूल अडत नाही. आणि भाजी-जळणाचे पैसे खात्यात वेळेवर पडतील याची खात्री नसते. मुख्याध्यापकांनी मला भाजीवाल्याच्या उधारीची चिठ्ठी दाखवली. त्यांच्या खिशातून गेलेले पैसे त्यात होते. पारावर ज्यांनी त्यांचं नाव घेतलं होतं त्यांना मी ती चिठ्ठी वाचायला लावली.

त्यानंतर मी गेले ती चुलीपाशी. आमच्याकडे दोन स्वयंपाकी-मदतनीस आहेत, दोघी गावातल्याच. 26 ते 100 मुलांना दोन बायका, असं प्रमाण आहे. थोरलीला मी विचारलं, "मावशी, पाच किलो भाजी आणून दिली तर घालाल ना?" ती म्हणाली, "आना की. म्या नगं म्हनतीया व्हय? पर निवडायची कुनी, चिरायची कुनी? पाच किलो मेथी कवा निवडलीय का एकटीनं?" मला यावर बोलता येईना. मेथी किंवा तांदुळजा पाच किलो निवडायचा म्हणजे एका बाईचे दोन तास. मग धुणं आलं, चिरणं आलं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात धुवायलाच पाणी कुठून आणायचं. आहारात काय असावं याचे कागद निघतात ते पोषणतज्ज्ञांच्या टेबलावरून. जून 2024 मध्ये राज्याने पंधरा पाककृतींची यादी काढली. भात-वरण, कडधान्याची उसळ, गोड पदार्थ असं भरलेलं ताट. यादी चांगली होती, मला आवडली. पण एका पातेल्याच्या जागी तीन पातेली आली आणि चुलीपुढचे हात होते तेवढेच राहिले. या बायकांच्या मानधनात केंद्र 2009 पासून महिना 1000 रुपयेच धरतं, तेही वर्षातले दहा महिने. महाराष्ट्राने आपली भर घालून 2023 मध्ये ते 2500 केलं. दिवसाला शंभर रुपयेही पडत नाहीत. खुरपणीला गेलं तरी याहून जास्त मिळतं. मुलांचा आहार सुधारायचा तर त्याचं ओझं आधी कुणाच्या मनगटावर पडतं, हे चुलीपाशी गेल्याशिवाय दिसत नाही.

मार्ग निघाला तोही मावशींच्याच डोक्यातून. त्या म्हणाल्या, पालेभाजीचा हट्ट रोज नको. लाल भोपळा वरणात टाकला तर विरघळून जातो, पोरांना पत्ता लागत नाही आणि वरण गोडसर होतं. दुधी किसून खिचडीत. कोबी, गाजर यंत्रावर चिरता येतं. ग्रामपंचायतीकडून आम्ही हाताने फिरवायचं भाजी चिरायचं यंत्र मागून घेतलं. पालेभाजी आठवड्यातून दोनच दिवस, आणि ती आदल्या संध्याकाळी वाटून दिलेल्या घरांतून निवडून यायची. यावर एक शिकलेले गृहस्थ मला म्हणाले, "म्हणजे पुन्हा बायकांच्याच गळ्यात." त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या घरीही एक पिशवी पाठवली आणि भाजी त्यांनीच निवडावी असा निरोप दिला. एकदा निवडली त्यांनी. देठं बरीच होती.

भाजी आणण्याची जागाही बदलली. दुकानातून रोज शेरभर आणण्याऐवजी आठवडी बाजाराच्या दिवशी दोन बागायतदारांकडून थेट, आणि पैसे अनुदान आल्यावर. त्यांची नातवंडं शाळेत आहेत म्हणून ते थांबतात, हे उघड आहे. ज्या गावात विहिरीला पाणी नाही तिथे ही युक्ती चालणार नाही, म्हणून ती मी कुणाला नमुना म्हणून सांगत नाही.

शेवगा मात्र सगळ्यांना सांगते. हात धुवायच्या नळाचं पाणी वाया जात होतं, तिथे चर काढून शेवग्याच्या फांद्या रोवल्या. आपल्या रानात शेवग्याला लाड लागत नाहीत. शेंगा सगळ्यांना ठाऊक, पण पाला खायची सवय गेली होती. लोह, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व या तिन्हीत शेवग्याच्या पाल्याची बरोबरी करणाऱ्या भाज्या थोड्याच. पहिल्या दिवशी पाला तसाच आमटीत पडला. मुलांनी काय करावं? एकेक पान बोटाने उचलून ताटाच्या कडेला चिकटवलं, कडेने सगळीकडे हिरवी नक्षी. मग मावशींनी पाला सावलीत वाळवून तव्यावर कोरडा परतला, हाताने चुरला आणि शेंगदाण्याच्या कुटात मिसळून उसळीवर घातला. ताटं पुसल्यासारखी झाली. त्यावर लिंबाची फोड मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण आंबटातल्या क जीवनसत्त्वाने वनस्पतीतलं लोह अंगी जास्त लागतं. घरी गेल्या गेल्या चहा प्यायची सवय असलेली पोरं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि जेवणापाठोपाठचा चहा नेमकं उलट करतो. पालकांच्या सभेत मी याच्यावर बोलले तेव्हा सभा चहासाठीच थांबली होती.

लोहाचा विषय निघालाच आहे तर त्या "प्लास्टिकच्या तांदळा"बद्दल. गिरणीत आजही बायका मूठभर दाणे पदरात बांधून आणतात. "बघा ताई, पाण्यावर तरंगतोय." हे दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-12 मिसळून ते यंत्रातून दाबून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात, आणि साध्या तांदळाच्या शंभर भागांना असे दाणे एक भाग मिसळतात. रंगाने जरा पिवळट, वजनाला हलके, म्हणून काही तरंगतात. 2021 च्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात पंतप्रधानांनी सरकारी योजनांमधून हा तांदूळ देण्याचं जाहीर केलं. पण गावात कुणी येऊन दोन शब्द सांगितले नाहीत. सुपात घोळताना बायका ते दाणे वेचून कोंबड्यांना टाकायच्या. सरकारने मुलांसाठी जी एक गोष्ट वाढवून दिली होती, तीच तेवढी वेचून फेकली जात होती. माझं मत विचाराल तर हा तांदूळ खावा, पण त्याच्या जोरावर भाजीला सुट्टी देऊ नये. दाण्यात तीन गोष्टी घालतात, शेवग्यात देवाने किती घातल्या आहेत ते अजून मोजताहेत.

थोडं मागचं सांगते, कारण व्याख्यानमालेत इतिहास नसला तर चिटणीस नाराज होतात. मद्रास महापालिकेने 1920 च्या सुमाराला आपल्या एका शाळेत मुलांना खाणं द्यायला सुरुवात केली. मुख्यमंत्री कामराजांनी पन्नासच्या दशकात ते राज्यभर नेलं. एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 मध्ये मोठ्या प्रमाणावर योजना काढली तेव्हा पैशाची नासाडी म्हणून टीका झाली. आज त्या राज्यात मुलाला शाळेच्या दिवशी रोज अंडं मिळतं. देशपातळीवर योजना आली 15 ऑगस्ट 1995 ला. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आम्हाला शिजवलेलं काही मिळत नव्हतं, महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा आणि त्यासाठी ऐंशी टक्के हजेरी लागायची. ती पिशवी घरी गेली की घरच्या तांदळात मिसळून जायची, सगळ्या घराची व्हायची. त्यात चूक काय? पण माझ्या वाट्याला त्यातलं किती आलं कोण जाणे. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 ला हुकूम केला की शिजवलेलंच जेवण द्या, तेव्हा चित्र पालटलं. 2004 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की स्वयंपाकाच्या कामावर दलित, आदिवासी बायकांना प्राधान्य द्या. मुलं एका पंगतीत बसतात हे या योजनेचं अर्धं काम आहे, असं मला वाटतं. आजही कुठे कुठे अमक्याच्या हातचं खाणार नाही म्हणून डबा बांधून देणारे पालक आहेत. अशा पालकांशी उष्मांकावर बोलून काही उपयोग नसतो.

या जेवणाचा गुण किती लांब पोचतो याचा एक अभ्यास 2021 मध्ये "नेचर कम्युनिकेशन्स" या नियतकालिकात आला. लहानपणी ज्या मुलींना शाळेत जेवण मिळालं, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने जास्त भरली. म्हणजे पाचवीतल्या पोरीच्या ताटात घातलेलं वीस वर्षांनी तिच्या बाळाच्या अंगी दिसतं. आपल्याकडे मात्र पुढच्या महिन्याचं अनुदान कधी येईल, एवढ्याच लांबचं बघतात.

आता अंडं. राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. एका अंड्याला पाच रुपये, न खाणाऱ्याला केळं किंवा दुसरं फळ. आमच्या गावात माळकरी घरं बरीच, म्हणून समितीत वादळ होणार असं मला वाटलं होतं. झालं नाही. पालकांकडून लेखी घेतलं, केळ्याची पाटी वेगळी ठेवली. एक आजोबा, पक्के वारकरी, म्हणाले, "आमच्या पोराला केळं द्या, पण दुसऱ्याच्या पोराचं अंडं आमच्या नावावर बंद करू नका." शहरात याच्यावर मोर्चे निघतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. अंड्याच्या दिवशी हजेरी भरायची. उकडलेलं अंडं सोलायला पहिलीतल्या मुलांना येत नाही, तर चौथीच्या मुली त्यांना सोलून द्यायच्या आणि मोबदल्यात पिवळ्याचा तुकडा मागायच्या. बाजारात हिवाळ्यात अंडं सहा-सातवर गेलं की पाच रुपयांत बसायचं नाही, तरी कसंबसं चाललं. जानेवारी 2025 मध्ये नवा निर्णय आला. अंडं आणि साखर यांच्यासाठी राज्य वेगळे पैसे देणार नाही, ज्या शाळांना द्यायचं असेल त्यांनी लोकसहभागातून द्यावं.

लोकसहभाग आमच्या शाळेतही आहे. वाढदिवसाला कुणी जिलेबी देतं, कुणी वेफर्सची पाकिटं, पुढारी असले तर बुंदीचे लाडू आणि फोटो. अंडी द्या म्हटलं की देणाऱ्याचा चेहरा पडतो, कारण अंड्यांचा फोटो चांगला येत नाही. आम्ही एक यादी करून गिरणीच्या दारावर लावली: केळी, शेंगदाण्याची चिक्की, अंडी, लिंबं, भाजणी. वेफर्स घेऊन आलेल्या एका नगरसेवकाच्या भाच्याला मावशींनी दारातूनच परत लावलं. ही हिंमत मला झाली नसती.

साताऱ्याच्या माणसाला इथे लक्ष्मीबाई पाटील आठवणारच. त्यांचे यजमान कर्मवीर भाऊराव अण्णांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. घरात दाणा नव्हता तेव्हा लक्ष्मी वहिनींनी मंगळसूत्र गहाण टाकून मुलांना जेवू घातलं. ही गोष्ट आपण भाषणांतून सांगतो, पुस्तकांतून शिकवतो, डोळे पुसतो. सांगायलाच हवी. पण तेव्हा मुलांच्या जेवणाचा कायदा नव्हता, तिजोरी परक्यांची होती. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने शाळेतलं जेवण हा मुलाचा हक्क झाला. हक्काच्या ताटातली भाजी आणि अंडं पुन्हा कुणाच्या मंगळसूत्रावर, कुणाच्या वाढदिवसावर, मुख्याध्यापकांच्या खिशावर आणि मावशींच्या फुकटच्या दोन तासांवर चालायचं असेल, तर कायद्याने आपल्याला दिलं काय? पालक म्हणून मी केळी वाटते, उद्याही वाटीन. पण केळी वाटणाऱ्या पालकाला शाळेत खुर्ची मिळते आणि वजनकाटा घेऊन येणाऱ्याला "तुम्हाला काय करायचंय" असं ऐकावं लागतं. दुसऱ्या प्रकारच्या पालकांची शाळेला जास्त गरज आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

मोजण्यावरून एक परदेशातली हकिकत. इंग्लंडमध्ये 1906 मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला. पुढच्या वर्षी ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या गावात डॉ. राल्फ क्राउली या शाळा-वैद्याने गरीब मुलांच्या एका गटाला ठरावीक जेवण दिलं आणि नियमाने वजनं घेतली. वजनं चढत गेली. मधे शाळेला सुट्टी लागली आणि ती उतरली. शाळा उघडली, पुन्हा चढली. एवढ्या साध्या काट्याने त्यांनी साऱ्या वादाचं तोंड बंद केलं. आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी दीड महिन्याची, आणि माणदेशात तीच टंचाईची वेळ. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या हुकमातच म्हटलं आहे. आपला तालुका दुष्काळी जाहीर होईल त्या वर्षी हा हुकूम हातात घेऊन गावोगावच्या समित्यांनी मार्चमध्येच ठराव करावा. मेमध्ये करून उपयोग नाही, तोवर शिक्षकांच्या सुट्ट्या लागलेल्या असतात.

आमच्या शाळेत भाजी आता कधी चार किलो भरते, कधी साडेचार. पाच क्वचित. पावसाळ्याच्या तोंडाला अजूनही अडीचवर येते. वजनाची वही ठेवली आहे. तारीख, पट, भाजीचं नाव, वजन, भाव, असे पाच रकाने, आणि ती रोज चौथी-पाचवीची मुलं भरतात. त्यांचं दशांशाचं गणित त्यामुळे सुधारलं, असं त्यांच्या वर्गाच्या बाई म्हणतात. शासनाच्या ॲपमध्ये शाळा रोज जेवलेल्या मुलांची संख्या भरते. संख्या भरली की प्रमाणाप्रमाणे तांदूळ-डाळ खर्ची पडते आणि हिशेब जुळतो. भाजी प्रत्यक्षात किती किलो आली, हे लिहायला तिथे जागा नाही. ती जागा करावी, आणि जिथे सलग भाजी कमी भरते तिथे पैसे वेळेवर पोचले का हे आधी तपासावं, असा ठराव आमच्या समितीने करून वरच्या कार्यालयात दिला. पोच मिळाली, उत्तर नाही.

माझी मुलगी पाचवी पास झाली आणि कायद्याप्रमाणे मी समितीतून बाहेर पडले. वही नव्या अध्यक्षांकडे दिली आहे. ते रंगारी आहेत. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं की या वहीतला तक्ता शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर रस्त्याकडून दिसेल असा रंगवला आणि वजन खडूने रोज लिहिलं तर कुणाची परवानगी लागेल का? मुख्याध्यापक म्हणाले, विचारून सांगतो. समितीतली एक बाई म्हणाली, विचारू नका, रंगवा. मागच्या आठवड्यात भिंतीला चुना मारून झालाय.